नागेशच्या गाडीची काच

जुन्या गाडीची काच बटण दाबूनही खाली येईना, तेव्हापासून नागेशची सोयच झाली होती. जनवाड्याच्या फाट्यावर सावित्रीआत्या भाजीचं गाठोडं घेऊन, गाडीत घे म्हणायला खिडकीशी यायची. सीट चिखलानं घाण होईल म्हणून तो काचेवर टकटक करून ‘उघडत नाही’ अशी खूण करायचा आणि निघून जायचा.

रविवारी व्हिडिओ पाहून त्यानं दार खोललं, तुटलेली तार बदलली.

सोमवारी काच खाली करूनच निघाला. फाट्यावर आत्या आली. सवयीनं त्यानं टकटक करायला बोट नेलं.

हात

बाहेर गेला.

आत्यानं तो दोन्ही हातांत धरला.



“सुधरली व्हय रे काच? लोकं इचारायलेत, भाच्चा कामून थांबत न्हाई. मी भांडायली त्यांच्याशी, काच बिघडलीय लेकराची.”