एकेचाळीस तासांचा प्रवास

"एकेचाळीस तास? तीन विमानं? कुणाच्या डोक्यातून निघालंय हे?"

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या त्या गृहस्थाने कागद टेबलावर आपटला. समोर सिस्टर बसल्या होत्या. बत्तीस वर्षं इस्पितळात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणे. मुलगा परदेशात होता. त्याच्या गावापर्यंतचा प्रवास कागदावर निळ्या शाईत मांडलेला होता. दोनदा विमान बदलायचं, मध्ये नऊ तास खुर्चीवर ताटकळायचं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: गुडघ्यांना झेपणार नाही.

"एवढं तुमच्या छापील कागदावर टाइप करून सही-शिक्का द्या," सिस्टरांचं मागणं इतकंच होतं.

पण तिकीटवाल्याच्या अंगात न्यायाधीश संचारला होता. त्याने कीबोर्ड बडवला आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"हे बघा! बारा हजार सहाशे किलोमीटर. थेट विमान. चौदा तास! दोनदा जेवायचं, एक झोप काढायची, की उतरलात. अहो, आई घरात नको म्हणून पोरगा धडधडीत थापा मारतोय!"

"तसं नाही हो."

"सगळ्या आया असंच म्हणतात. आणा तो पासपोर्ट. आज तिकीट काढल्याशिवाय सोडत नाही तुम्हाला."

पर्समधून डोकावणारा पासपोर्ट त्याने ओढलाच. पानं उलटता उलटता तो थबकला. त्याच देशाचा शिक्का. मागच्याच वर्षीचा.

"तुम्ही... जाऊन आलात?"

"थेट विमानानं. खिडकीची जागा होती, झोप छान लागली." सिस्टरांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि हे अक्षर माझं आहे. मुलगा रोज फोन करतो. आई, कायमची ये, आम्ही दोघं कामावर जातो, पोरांकडे बघायला कुणी नाही. मग मी त्याला हे वाचून दाखवते. आता मेला पुरावा मागतोय."

"म्हणजे तिथं जाऊन त्याला भेटलाच नाहीत?"

"त्याच्या घरासमोरच्या हॉटेलात आठ दिवस राहिले. मोठी टोपी, काळा चष्मा. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची अंथरुणं घातली, तिथं माझं कुणीतरी घालत होतं. संध्याकाळी नातवंडं बागेत यायची, शेजारणीबरोबर. एकदा धाकटी माझ्याच बाकावर येऊन बसली. नाक वाहत होतं तिचं."

"मग?" तिकीटवाल्याचा आवाज एव्हाना पार खाली आला होता.

सिस्टरांनी त्याच्या हातून पासपोर्ट काढून घेतला.

"हात पर्समध्ये गेला होता. तसाच दाबून धरला. एकदा का रुमाल बाहेर काढला असता ना, तर परतीचं तिकीट फुकट गेलं असतं."