चार मिनिटं हलू नकोस

विलाड्सनं दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या होत्या. त्यांतला स्क्रू हातानं मिनिटाला एक फेरा फिरवला, की वरच्या फळीवरचा कॅमेरा आकाशाबरोबर सरकतो. मग चार मिनिटांच्या फोटोत तारे रेषा न होता ठिपक्यांसारखे येतात आणि जमिनीवरचं स्थिर असलेलं सगळं पुसट होतं. डेन्मार्कच्या युटलंडमध्ये निरभ्र आकाश महिन्यातून दोनदा भेटतं, म्हणून दिवसभर शाळेचे नळ दुरुस्त करून तो आता अंगणात पेंगत बसला होता.

"चल आत," त्याची बायको गुनहिल्ड म्हणाली. "तारे उद्याही असतील."

"उद्या ढग असतील. जरा कुंपणापाशी उभी राहा, फोटोत एखादं माणूस हवं. चार मिनिटं हलू नकोस."

"सव्वीस वर्षं तुझ्याशी संसार केला. हलले का कधी?"

फोटोत तारे ठिपके होते. कुंपण पुसट होतं. गुनहिल्ड मात्र कोटाच्या बटणांसकट ताऱ्यांसारखीच स्वच्छ आली होती.

दमलेल्या माणसाला स्वतःची चूक पटकन पटते. त्यानं घड्याळ तपासलं, स्क्रू तपासला आणि पुन्हा चार मिनिटं फिरवला.

याही फोटोत ती स्वच्छ होती. तिचे बूट आणि गवत यांच्यात चार बोटं अंतर होतं.

"झालं का रे?" गुनहिल्डनं विचारलं. "इथं वारा फार आहे."

अंगणात पान हलत नव्हतं. आवाज कुंपणाच्याच बाजूनं आला, पण बराच वरून.

विलाड्सनं मान वर केली नाही. तो स्क्रू उलटा फिरवू लागला, मिनिटाला एक फेरा, अजिबात घाई न करता.