घर चाळीस पावलं चाललं

"उचला!" म्हातारा वेलांग ओरडला. पन्नास माणसांनी खांबांवरच्या लाकडी घराखाली बांधलेल्या बांबूंना खांदे लावले, पन्नास जण कण्हले, आणि घर तसूभरही हललं नाही.

"चेन्निंग, खाली उतर की बाई," वेलांग घाम पुसत म्हणाला. "तुझंच वजन होतंय."

वरच्या खिडकीतून चेन्निंगने डोकं बाहेर काढलं. पासष्टीची, चिपाडासारखी बाई. "माझं कसलं वजन? कपाट, पलंग, तांदळाची पोती, सगळं सकाळीच खाली उतरवलंय. आता वर मी आणि ही मिठाची बरणी. लग्न झाल्यापासून याच घरात आहे, हे घर एकटं नाही जायचं. तुमच्याच अंगात जोर नाही, ते सांगा!"

माणसं हसली. पण हसून घर थोडंच उचलतं? शुक्रवारची नमाज होऊन तास उलटून गेला होता. लापाओ गावात कुणाचं घर हलवायचं म्हटलं की दर उंबऱ्यामागे एक खांदा येतो, आमंत्रण लागत नाही. आज एकाच घरचं कुणी आलं नव्हतं, आणि ते घर अगदी शेजारचं होतं. चेन्निंगच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं, तेन्रीचं. तिचे चार मुलगे म्हणजे चार रेडे, पण चौघंही आपल्या जिन्यावर हात बांधून बसले होते. आईने सांगितल्याशिवाय हलायची त्यांची छाती नव्हती.

दोन वर्षं बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बापाच्या जमिनीची मोजणी झाली आणि हद्दीचा दगड असा बसला, की चेन्निंगचं घर तेन्रीच्या वाट्यात निघालं. "असू दे गं अक्का," तेन्री म्हणाली होती. ते 'असू दे' चेन्निंगच्या काळजात रुतलं. आपण कुणाच्या मेहेरबानीवर राहायचं? तिच्या वाट्याला पाणथळ आलं होतं. दोन वर्षं टोपली टोपली माती टाकून तिने ते भरलं, खांबांसाठी दगड बसवले आणि वेलांगला बजावलं, "घराची पाठ तेन्रीकडे, चूल शेतांकडे. माझ्या चुलीवरून तिचं तोंड दिसता कामा नये."

वेलांगने पुन्हा आरोळी ठोकली. पुन्हा तेच. एक बांबू कडकन वाजला. चेन्निंगने डोकं आत घेतलं. आज घर उठलं नाही, तर पुढच्या शुक्रवारी एवढी माणसं पुन्हा कुठून आणायची?

तेवढ्यात तेन्री हातात पळी घेऊन जिन्यावर आली.

"बासो! जिना काय बसायला बांधलाय तुझ्या बापाने? चला, चौघंही! खांदे लावा!"

"मला कुणाचे उपकार नकोत!" वरून आवाज आला.

तेन्रीने मान वर केली नाही. ती अंगणातल्या कोंबड्यांना म्हणाली, "घर माझ्या जमिनीवर उभंय म्हणतात. मग माझ्या जमिनीवरचं ओझं हलवायला माझी पोरं नाही लागणार, तर काय गावाची लागणार?"

चेन्निंग काही बोलणार, तोवर बासो नि त्याचे भाऊ बांबूखाली शिरलेसुद्धा.

घर उठलं! पत्रे खडखडले, कुत्री भुंकली, बायकांनी टाळ्या पिटल्या. चेन्निंगने मधल्या खांबाला, ज्याला घराची नाभी म्हणतात, मिठी मारून डोळे घट्ट मिटले. बरणी मांडीत होती. तेन्रीच्या अंगणातल्या फणसापाशी छप्पर अडलं. "फिरवा!" वेलांग ओरडला. "मागचे पुढे या!" घर जागच्या जागी उलटं फिरलं. फणस ओलांडला की पुन्हा फिरवून सरळ करायचं, असं ठरलं होतं. पण आता पुढे बासो आणि त्याचे भाऊ होते, वेलांगचा घसा बसला होता, आणि तेन्रीच्या चुलीवरून नारळाच्या दुधात शिजलेल्या मुगाच्या खिरीचा वास सुटला होता. चाळीस पावलांवर घर धपकन दगडांवर बसलं.

चेन्निंगने डोळे उघडले. आपली जमीन! तिने चुलीजवळच्या भिंतीला हात लावला, आनंदाने तिला रडूच आलं. मग समोरची भातशेतं बघावीत म्हणून तिने खिडकी ढकलली.

समोर तेन्रीची चूल होती. अंतर दोन हातांचं.

"या अल्ला! उलटं ठेवलंत रे मेल्यांनो!"

वेलांगने कपाळावर हात मारला. बासो आभाळाकडे बघत होता, जणू पावसाचा अंदाज घेत होता. "मावशी, म्हणशील तर परत उचलू," तो म्हणाला. "पण आधी खाऊ तर दे."

सगळे वर बघत राहिले. चेन्निंगने त्यांचे सोललेले खांदे पाहिले. मग समोर पाहिलं. तेन्री पाठमोरी उभी राहून खीर ढवळत होती. पळी खिरीबाहेरच होती, हात नुसता फिरत होता.

"राहू दे," चेन्निंग म्हणाली. "माणसं दमलीत."

मग तिने खिडकीतून मान जरा पुढे काढली. "तेन्री, चिमूटभर मीठ घातलंस का त्यात? तू नेहमी विसरतेस."

"विसरले," तेन्री म्हणाली. "तुझ्याकडे आहे का?"

चेन्निंगने बरणी उचलून खिडकीबाहेर धरली. तेन्रीने तिकडून हात लांब केला. बरोबर पुरला.