साबणाचं माप

पडद्यावर सोन्याचे कण रांगेत उभे होते. एकाला एक खेटून, पण कुणी कुणाच्या अंगावर नाही. बारकी खुर्चीवरून उठली, परत बसली आणि तिने भावाचा दंड घट्ट धरला.

"हलवू नकोस, चित्र घेऊ दे," भाऊ म्हणाला. प्रयोगशाळेचा मोठा सूक्ष्मदर्शक तोच चालवायचा.

बारकी वर्षभर या रांगांच्याच मागे होती. द्रवात तरंगणारे हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो फक्त त्यांचा लाल रंग. त्यांना हाताने कुणी रचू शकत नाही. द्रवात साबण योग्य तेवढा पडला, तर ते आपले आपण जवळ येतात आणि रांगा धरतात. नाहीतर सांडलेल्या मोहरीसारखे कुठेही पडतात. बारकीची मोहरी आजवर सांडतच आली होती.

सरांनी चित्र पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "परत करून दाखव. जमलं तर प्रबंध लिहायला घे. नाही जमलं तर हे विसरून जा."

परत जमेना. तसलीच कुपी, तेच पाणी, साबणाचं तेच एक माप, आणि पडद्यावर मोहरी. बारकी जेवताना शून्यात बघत बसायची. समोर वहिनी असायची. वहिनी त्याच प्रयोगशाळेत, शेजारच्याच ओट्यावर काम करायची, पण दोघींचं बोलणं बंद होतं. बारकीच्या धुऊन ठेवलेल्या बीकरमध्ये वहिनीने एक वेल लावला, एवढंच निमित्त. तेव्हापासून घरात मीठसुद्धा भावामार्फत मागितलं जायचं.

शेवटी वहिनीच ओट्यापाशी आली.

"बारके, एक सांगू? रागावणार नसशील तर."

"बोल."

"रांगा आल्या ती पहिली कुपी तू ठेवून गेलीस ना, तेव्हा साबणाची बाटली उघडीच होती. मला वाटलं, घालायचा विसरलीस. सांगायचं तर आपलं बोलणं बंद. म्हणून एक माप मीच घातलं. काल सरांशी बोलताना तुझं ऐकलं, तेव्हा कळलं की तूही घातला होतास."

रागवावं की मिठी मारावी, हे बारकीला ठरवता येईना. तिने वहिनीच्या हातात ड्रॉपर दिला. "घाल मग तसंच."

दोन मापं घातल्यावर कणांनी रांगा धरल्या, पण त्या मध्येच मोडल्या. दोघी पडद्याला डोकं लावून बसल्या. जादा साबणाचे बारीक बारीक गोळे होतात आणि ते कणांना बाहेरून हळूच एकमेकांकडे ढकलत असणार, हे बारकीच्या ध्यानात आलं.

"मग ढकलणारे कमी पडताहेत," वहिनी म्हणाली.

"पण तेव्हा तर दोनच मापं होती. तुझं एक, माझं एक."

मागे उभा असलेला भाऊ कान खाजवत होता. "तीन होती," तो म्हणाला.

दोघी एकदम वळल्या.

"मी कुपी न्यायला आलो, तर बाटली उघडी. मला वाटलं, कुणी घातलाच नाही. विचारू कुणाला? हिला विचारलं तर ती फुगणार, तिला विचारलं तर ही. म्हणून गुपचूप घातला आणि कुपी घेऊन गेलो."

वहिनी इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. बारकी हसता हसता कुपी शोधू लागली.

तीन मापांनी रांगा आल्या. पुढच्या कुपीतही आल्या, त्याच्या पुढच्याही. सरांनी सगळी चित्रं समोर मांडली.

"तिप्पट साबण घालायचं सुचलं कुणाला?"

बारकीने वहिनीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"आम्ही तिघांनी मिळून केलं, सर," ती म्हणाली. "फक्त एकमेकांना न सांगता."