पवईचा उतार

फियाट पवईच्या उताराला लागली तशी श्यामकांतनं डाव्या हातानं दाराचं हँडल घट्ट धरलं. उजवा हात मांडीवर पडून होता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तो तसाच असायचा.

"वसुधा, ब्रेक."

"ट्रक लांब आहे अजून."

तिला लायसन्स मिळून बाराच दिवस झाले होते. व्यायामासाठी नवऱ्याला घाटकोपरला न्यायचं, तर दुसरं कोण नेणार? गेल्या खेपेला तो असाच ओरडला, तिनं दचकून ब्रेकवर पाय रोवला. गाडी जागच्या जागी थांबली, तो थांबला नाही. सावरायला उजवा हात पुढे आलाच नाही. कपाळावरची खोक अजून ओली होती.

पुढच्या ट्रकमधून लोखंडी सळया पाच-सहा फूट बाहेर आल्या होत्या. टोकाला लाल फडकं. फियाट आपसूक वेग घेत होती.

ट्रक एकाएकी मंदावला. फडकं झपाट्यानं जवळ आलं, नेमकं श्यामकांतच्या काचेसमोर.

"ब्रेक! अगं, मारशील मला!"

वसुधाचा पाय ब्रेकवर गेला. तिनं तो रोवला नाही. हळूच दाबला. गाडी जराशी धरली गेली. किंचित सोडला, पुन्हा दाबला, या वेळी जास्त. मागून बसचा हॉर्न कर्कश वाजला. सळयांच्या टोकांवरचा गंज दिसायला लागला. तिचा पाय घाई करत नव्हता.

गाडी थांबली. फडकं बॉनेटच्या वर हलत होतं. श्यामकांत सीटला टेकूनच होता.

"तुम्ही ओरडलात की माझा पाय तुमचं ऐकतो," ती म्हणाली. "रस्त्याचं ऐकत नाही."

ट्रक हलला. फियाट पुन्हा चालू लागल्यावर श्यामकांत हलकेच म्हणाला, "उतार संपेपर्यंत दुसऱ्या गिअरवरच राहू दे."

"दुसऱ्यावरच आहे."

विक्रोळीच्या सिग्नलला तिनं बाजूला पाहिलं. श्यामकांतला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, डावा हात सैल.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न मारू लागल्या. वसुधानं क्लच सावकाश सोडला, त्याची मानही हलणार नाही इतका.