वरच्या कडेचं बटण

पेडण्याच्या पोरांत नेमबाजीत सिद्धेशचा हात कुणी धरत नसे, आणि तेच सुदेशच्या डोळ्यांत सलायचं. खेळ तोच, मोबाइल तसाच, घामाने बोटं अडकू नयेत म्हणून लावलेली पावडरही तीच. मग याचंच एवढं काय?

शेवटी त्याने सिद्धेशच्या बटणांच्या लेआऊटचा कोड मागितला, म्हणजे तीच मांडणी आपल्या मोबाइलवर येईल. सिद्धेशने हू की चू न करता दिला.

त्यात गोळी झाडायचं एक बटण जास्तीचं होतं, स्क्रीनच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध.

"थय बोट कसा पोचता रे तुझा?"

"माझा खय पोचता," सिद्धेश म्हणाला.

दुपारी दोघे बल्कांवात, दारापुढच्या समोरासमोर बाकं असलेल्या ओसरीत, एकाच बाकावर बसून खेळले. समोरचं बाक रिकामं होतं. सुदेशने बारा जण पाडले. सिद्धेश पहिल्याच मिनिटाला मेला, आणि कित्येक महिन्यांनी मोकळेपणाने हसला.

सुदेशने मोबाइल उजेडात तिरका धरला. त्याच्या चार बोटांचे पांढरे ठसे जागच्या जागी होते. वरच्या बटणावरचा ठसा मात्र ओला होता, आणि उलटा, समोर बसलेल्याने टेकवावा तसा.

सिद्धेशने बघून ते बोट परत मागू नये म्हणून सुदेशने तो ठसा घाईघाईने तळव्याने पुसला. तळव्याला एक थंडगार बोट लागलं, आणि ते बाजूला झालं नाही.