डावीकडे ओढणारी बस

ब्रेक दाबताच बस डावीकडे वळली. तपासनीस बाईनं स्टिअरिंग मुद्दाम सैल सोडलं होतं. तपासणीच्या मोकळ्या पट्ट्यावर मधली पांढरी रेघ धरून निघालेली शाळेची बस कडेच्या कठड्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबली.

बसचा मालक आणि ड्रायव्हर एकच. तो बाजूच्या सीटवर बसला होता. तिचा सख्खा मोठा भाऊ. बाकीच्या रांगा सोडून त्यानं बस बहिणीच्याच रांगेत आणून लावली होती.

“थोडी ओढते,” तो म्हणाला. “स्टिअरिंग जरा उजवीकडे धरलं की नाकासमोर जाते. मला सवय आहे.”

“दादा, पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक धरतच नाहीये. डावं अडतं, उजवं पळत राहतं, म्हणून गाडी फिरते. कोरड्या रस्त्यावर तू सावरशील. ओल्या रस्त्यावर टायरची पकड आधीच कमी. ती सगळी ब्रेकनंच खाल्ली, तर वळायला काय उरेल?”

तिनं बस खडबडीत पट्ट्यावर घातली. एका उंचवट्यावरून उसळलेली मागची बाजू नंतर कितीतरी वेळ हिंदकळत राहिली.

“शॉकॲब्सॉर्बर पण गेलेत. चाक जमिनीवर टेकलंच नाही, तर ब्रेक लावून उपयोग काय?”

“अगं, उद्या शाळा उघडतेय. एवढ्या वेळेस पास कर, नंतर सगळं करून घेतो. घरचंच माणूस असं आडवं आलं तर कसं व्हायचं?”

तिला गाडी चालवायला यानंच शिकवलं होतं, घरातल्या सगळ्यांचा विरोध पत्करून. पण मागे रिकाम्या सीटांच्या रांगा होत्या, आणि त्या उद्या रिकाम्या नसणार होत्या. तिनं बस पट्ट्याच्या सुरुवातीला आणून बंद केली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “तुझ्या लेकीला, छोटीला बोलावून घे. तिला पुढच्या सीटवर बसव. तू चालव आणि भर वेगात हाच ब्रेक दाब. मग बोल मला पास करायला.”

त्यानं वाकून चावी काढली आणि तिच्या हातात दिली.

“नापास कर. मुलांसाठी मी दुसरी गाडी भाड्यानं बघतो.”

ती भांडणाच्या तयारीत होती. आता तिलाच कसंनुसं झालं. “पोरीचं नाव मध्ये घ्यायला नको होतं मी. राग आला असेल तर...”

“राग नाही गं.” त्याचा आवाज खाली गेला. “छोटी या बसनं जातच नाही. वर्ष झालं, मीच तिला बसू देत नाही.”